एक तृतीयांश हवेचा हिशेब

पाण्याने भरलेल्या गुहेत अडकलेल्या माणसांची गोष्ट सांगणारा ‘सँक्टम’ हा चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आहेत ऑस्ट्रेलियाचे एलिस्टर ग्रिअरसन, आणि निर्मितीमागे ‘टायटॅनिक’ व ‘अवतार’ काढणारे जेम्स कॅमेरॉन. चित्रण त्रिमितीय आहे. गुहेची प्रचंड दालने, अंग खरवडत पार करावी लागणारी पाण्याखालची भोके आणि डोक्यावर कोसळणारे पाणी यांचा अनुभव हा चित्रपट चांगला देतो. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो जरूर पाहावा असे आम्ही म्हणू. दाब, वायूंची विद्राव्यता, उष्णतेचे वहन, श्वसन असे माध्यमिक शाळेतले चार-पाच धडे त्यात एकत्र भेटतात. चित्रपटात रक्तपात आणि मृत्यू मात्र बरेच आहेत. त्यामुळे तो लहान मुलांसाठी नाही, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

चित्रपटातले विज्ञान ढोबळमानाने बरोबर आहे. तरीही त्याने काढलेला निष्कर्ष आम्हाला चुकीचा वाटतो. तो का, हे या लेखात पाहू या.

कथा थोडक्यात अशी. पापुआ न्यू गिनीतल्या एका अवाढव्य गुहेचा शोध घेण्याची मोहीम चालू आहे. गुहेतून वाहणारे पाणी कुठूनतरी समुद्राला मिळत असणार, ती वाट शोधायची आहे. मोहिमेचा प्रमुख फ्रँक (भूमिका रिचर्ड रॉक्सबर्ग यांची) कठोर, अबोल माणूस आहे. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा जॉश बापावर रुसलेला आहे. मोहिमेला पैसा पुरवणारा कार्ल आपल्या मैत्रिणीला, व्हिक्टोरियाला, घेऊन गुहेत येतो. अपेक्षेपेक्षा लवकर वादळ येते, पाण्याचा लोंढा गुहेत शिरतो, वर जायची वाट बंद होते. आता खाली, अज्ञात पाण्यातूनच वाट काढायची. एकेक जण मरत जातो आणि शेवटी एकटा जॉश समुद्रावर पोहोचतो.

अशा गुहा होतात कशा, हे आधी सांगायला हवे. आपल्याकडे गुहा म्हटले की अजिंठा-वेरूळ आठवते. पण ती लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. बेसॉल्ट पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. चुनखडक मात्र विरघळतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आम्ल बनते, खडकाच्या भेगांत शिरते आणि हजारो-लाखो वर्षांत भेगेची नळी व नळीचे दालन करते. म्हणजे गुहा ही पाण्याची वाटच असते. बाहेर जोराचा पाऊस झाला की पाणी पुन्हा आपल्या वाटेने येते. आत असलेल्या माणसाला आभाळ दिसत नाही. पाऊस पडतो आहे हे त्याला पाणी चढू लागल्यावरच कळते. चित्रपटाने ही गोष्ट अचूक पकडली आहे.

दाबाचे गणित

आता पाण्याखालच्या श्वासाकडे वळू. साधारण दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागावर हवेचा एक वातावरण दाब असतोच, म्हणून १० मीटरवर २, २० मीटरवर ३ आणि ३० मीटरवर ४ वातावरणे दाब होतो. बॉइलच्या नियमानुसार पृष्ठभागावरची १२ लिटर हवा ३० मीटरवर ३ लिटरमध्ये मावते. पाणबुड्याची फुप्फुसे तर तेवढीच राहतात. ती भरायला त्याला सिलिंडरमधून चौपट हवा घ्यावी लागते.

हे आकड्यांत मांडू. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० पट दाबाने हवा भरली तर ती बाहेरच्या दाबाला सुमारे २४०० लिटर होते. शांतपणे पोहणाऱ्या माणसाला मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरू. पृष्ठभागावर हा साठा १२० मिनिटे पुरेल. १० मीटरवर तो ६० मिनिटे, २० मीटरवर ४० मिनिटे आणि ३० मीटरवर फक्त ३० मिनिटे पुरेल.

समुद्रात हवा संपत आली तर सरळ वर येता येते. गुहेत डोक्यावर खडक असतो. जितके आत गेलो तितकेच अंतर कापून परत यायचे. मग ३० मिनिटांची हवा असताना किती वेळ आत जावे? विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक उत्तर येईल, १५ मिनिटे. हे उत्तर बेरजेच्या दृष्टीने बरोबर आणि जगण्याच्या दृष्टीने चूक आहे.

बरोबर उत्तर देणारा माणूस एक शिक्षक होता. शेक एक्स्ली हे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात शाळेत गणित शिकवत आणि गुहांत बुड्या मारत. फ्लोरिडाच्या चुनखडकातल्या झऱ्यांत अनेक पाणबुडे प्राणाला मुकत होते. एक्स्ली यांनी अशा अपघातांची छाननी केली आणि १९७९ साली त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. बहुतेक मृत्यूंमागे त्यांना तीनच चुका दिसल्या. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी नव्हती, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखली नव्हती, किंवा माणूस झेपेल त्यापेक्षा खोल गेला होता. यातला दुसरा मुद्दा ‘एक तृतीयांशाचा नियम’ म्हणून ओळखला जातो. एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी, आणि उरलेली एक तृतीयांश?

ती जोडीदारासाठी. आमच्या उदाहरणात दोघे जण १० मिनिटे आत गेले. प्रत्येकाने ८०० लिटर हवा वापरली, प्रत्येकाकडे १६०० लिटर उरली. नेमके याच टोकाला एकाचे सिलिंडर निकामी झाले. परत यायला माणशी ८०० लिटर हवी, म्हणजे दोघांना १६०० लिटर. शाबूत सिलिंडरमध्ये बरोबर तेवढीच आहे. प्रत्येक पाणबुड्या जी तिसरी वाटणी पाठीवर वाहून नेतो ती स्वतःसाठी नसते, हे या साध्या गणितातून निघते. एखाद्या सुरक्षानियमात माणुसकी इतकी नेमकी मोजून बसवलेली आम्ही क्वचितच पाहिली आहे.

यात एक त्रुटीही आहे आणि हुशार विद्यार्थी ती लगेच काढतील. घाबरलेला माणूस मिनिटाला २० लिटरवर भागवत नाही. त्याची गरज सहज दुप्पट होते. मग १६०० लिटर पुरणार नाही. म्हणूनच जाणते लोक तृतीयांश ही कमाल मर्यादा मानतात, त्याआधीच परत फिरतात आणि वेगळे राखीव सिलिंडर बरोबर ठेवतात.

घाबरलेला श्वास

चित्रपटातला पहिला मोठा प्रसंग नेमका इथलाच आहे. फ्रँक आणि ज्यूड्स नावाची त्याची सहकारी एका अरुंद वाटेने पुढे गेले आहेत. ज्यूड्सची हवेची नळी फाटते. तिच्याकडे राखीव सिलिंडर नाही. फ्रँक आपला मुखवटा तिला देतो. दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा असतो. पण ती घाबरते आणि मुखवटा परत देत नाही. फ्रँक तो हिसकावून घेतो आणि ती बुडते. जॉश हे सगळे वर पडद्यावर पाहत असतो. तो बापाला खुनी ठरवतो.

चित्रपट या प्रसंगाकडे दोन स्वभावांचा झगडा म्हणून पाहतो. पण तिने मुखवटा का सोडला नाही? भित्री होती म्हणून? श्वास घेण्याची अनिवार ओढ आपल्याला मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने लागत नाही. रक्तातला कार्बन डायॉक्साइड वाढला की मेंदूचे श्वसनकेंद्र चेतवले जाते आणि ती ओढ लागते. खोल पाण्यात हवा दाट असते, ती ओढायला आणि सोडायला जास्त श्रम पडतात. घाबरलेला माणूस वरवरचे, भराभर श्वास घेतो. त्याने कार्बन डायॉक्साइड नीट बाहेर पडत नाही. तो साठतो, गुदमरल्यासारखे वाटते, भीती वाढते, श्वास आणखी उथळ होतो. या चक्रात सापडलेल्या माणसाने ‘विचार करून’ मुखवटा परत द्यावा ही अपेक्षा अवाजवी आहे. तो विचार पाण्यात उतरण्याआधी करायचा असतो आणि त्याची तालीमही आधीच करायची असते.

याच ठिकाणी शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी, कारण तिला गुहेची गरज नाही, गावची विहीर पुरते. उन्हाळ्यात विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ खाली राहतो अशी पैज लागते. काही मुले त्याआधी भराभर दहा-वीस श्वास घेतात. त्यांना वाटते, छातीत जास्त ऑक्सिजन भरला. प्रत्यक्षात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायॉक्साइड मात्र बराच घटतो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवली जाते. श्वासाची ओढ लागण्याआधीच ऑक्सिजन संपत येतो आणि चांगला पोहणारा मुलगा काही कळायच्या आत पाण्याखाली बेशुद्ध होतो. चित्रपटाच्या निमित्ताने वर्गात एवढे जरी पोहोचले तरी तो पाहिल्याचे चीज झाले.

थंडी आणि बुडबुडे

व्हिक्टोरियाचा प्रसंगही वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. तिच्याकडे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, म्हणजे वेटसूट, नाही. मृत ज्यूड्सचा पोशाख घालायला ती नकार देते. माणूस म्हणून तिची भावना आपल्याला कळते, पण पाण्याला ती कळत नाही. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट आहे. २० अंशाच्या हवेत आपण मजेत बसतो. २० अंशाच्या पाण्यात काही तास राहिलो तर शरीराचे तापमान घसरू लागते, बोटे वळेनाशी होतात, निर्णय चुकू लागतात. वेटसूटच्या रबरात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. ते उष्णता अडवतात. पुढे दोरीवरून उतरताना व्हिक्टोरियाचे केस अडकतात, ते कापताना चाकू दोरीला लागतो आणि ती कोसळते. पटकथेने हा अपघात म्हणून दाखवला आहे. गारठलेले हात आणि थकलेला मेंदू हेही त्यामागे असू शकतात, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.

जॉर्ज हा वयस्क सहकारी ‘बेंड्स’ने आजारी पडतो. इथे हेन्रीचा नियम येतो. दाब वाढला की द्रवात जास्त वायू विरघळतो. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत राहतो. घाईने वर आले की सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यासारखे होते आणि अंगात बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडे नायट्रोजनचे असतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिले. वर कसे यावे हे ब्रिटनच्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून ठरवले. शरीरावरचा दाब निम्मा झाला तर सहसा त्रास होत नाही असे त्यांना आढळले. म्हणून ४ वातावरणांवरून आधी २ वर यायचे, तिथे थांबून नायट्रोजन श्वासावाटे जाऊ द्यायचा, मग पुढे. १९०८ साली त्यांनी याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज कोष्टके अधिक सावध झाली आहेत, पण टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तत्त्व तेच आहे. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबाच्या कोठीत स्वतःवर प्रयोग करून घेत. हेच पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

तेव्हा जॉर्जचे दुखणे हा नशिबाचा फेरा नाही. खोली आणि वेळ ठाऊक असली तर ते आधी सांगता येते. चित्रपटात मात्र तो इतरांवर ओझे होऊ नये म्हणून गुपचूप मागे राहतो आणि कथा पुढे सरकते.

जे बदलले ते का बदलले?

‘सँक्टम’ सत्यघटनेवरून सुचला आहे. कथा लिहिणाऱ्यांपैकी अँड्र्यू वाइट स्वतः गुहांत बुड्या मारणारे होते. १९८८ साली ऑस्ट्रेलियातल्या नलारबोर या चुनखडकाच्या पठारावर पॅनिकिन प्लेन नावाच्या गुहेत त्यांची मोहीम चालू असताना वादळ आले, गुहेचे तोंड ढासळले आणि १३ जण आत अडकले. पुढे काय झाले? सगळेच्या सगळे जिवंत बाहेर आले.

चित्रपट असा शेवट ठेवत नाही. कथाकाराला बदल करण्याची मुभा असते, याबद्दल आमची तक्रार नाही. पण बदलातून काय सांगितले जाते ते पाहायला हवे. चित्रपटात गंभीर जखमी झालेल्या सहकाऱ्याला फ्रँक स्वतःच्या हाताने पाण्यात बुडवतो, त्याचे हाल संपावेत म्हणून. कार्ल श्वासोच्छ्वासाचे यंत्र घेऊन एकटाच पळतो, नंतर भ्रमिष्ट होऊन हल्ला करतो. शेवटी जॉशला मरणासन्न बापाला पाण्याखाली धरावे लागते. आणि हे करता आले म्हणजे तो ‘मोठा’ झाला, बाप त्याला आता कळला, असा सूर लागतो. संकटात दुर्बळाला सोडून देणे हाच वस्तुनिष्ठ, म्हणजे जणू वैज्ञानिक, निर्णय असतो असे चित्रपट सुचवतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मनावर हे ठसते, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे.

उत्तर असे. ‘दुसरा इलाज नव्हता’ हे चित्रपटात खरे असते, कारण पटकथेने ते इलाज आधीच काढून घेतलेले असतात. राखीव सिलिंडर नाही, एक पोशाख कमी, नवशिकी व्यक्ती गुहेत आणलेली, वादळाची चिन्हे असताना माणसे आत. फ्रँकचा कठोरपणा गुहेच्या तळाशी दिसतो, पण तो गुहेच्या तोंडाशी दिसायला हवा होता. ‘राखीव सिलिंडर आल्याशिवाय कोणी उतरणार नाही’ हे एक वाक्य त्याने तिथे म्हटले असते तर ज्यूड्स बहुधा वाचली असती. असे वाक्य चित्रपटात रंजक वाटत नाही, हे आम्हालाही कळते.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘सँक्टम’नंतर सात वर्षांनी साऱ्या जगाने पाहिले. २३ जून २०१८ रोजी थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराने अडकली. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन हे ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोहोचले. मुले तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत होती, त्यांना बुडी मारणे माहीत नव्हते आणि तिथल्या हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सुमारे १५ टक्क्यांवर आला होता. फ्रँकच्या हिशेबाने ही मुले म्हणजे निव्वळ ओझे. पण तिथे हिशेब वेगळा मांडला गेला. पाणी उपसणारे पंप अहोरात्र चालले, त्या कामात सल्ला देण्यासाठी आपल्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञही गेले होते. वाटेत ठिकठिकाणी हवेचे सिलिंडर ठेवले गेले. आणि घाबरलेल्या श्वासाचा प्रश्न ऑस्ट्रेलियाचे डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी सोडवला. ते भूलतज्ज्ञही होते आणि गुहेतले पाणबुडेही. मुलांना केटामाइन देऊन बेशुद्ध केले गेले, तोंडावर पूर्ण मुखवटा बसवला गेला आणि एकेका मुलाला एकेका पाणबुड्याने बाहेर आणले. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जण सुखरूप बाहेर आले. या मोहिमेवरचा रॉन हॉवर्ड यांचा ‘थर्टीन लाइव्ह्ज’ (२०२२) हा चित्रपट ‘सँक्टम’च्या जोडीने पाहण्याजोगा आहे. त्यात खलनायक नाही, तरीही श्वास रोखून धरावा लागतो.

ही मोहीम फुकट झाली नाही. थायलंडच्या नौदलातले माजी पाणबुडे समान कुनान ६ जुलैला गुहेत हवेचे सिलिंडर पोहोचवून परतताना मरण पावले. तृतीयांशाचा नियम घालून देणारे एक्स्लीसुद्धा १९९४ साली मेक्सिकोतल्या झकातोन या अतिखोल विवरात बुडी मारताना गेले. नियम पाळले म्हणजे मरण टळतेच असे नाही. पण नियमांमुळे किती जण परत आले याची मोजदाद कोणी करत नाही, कारण सुखरूप परत आलेल्या माणसाची बातमी होत नाही.

शिक्षकांना आमची सूचना अशी. ‘सँक्टम’ दाखवायचा झाल्यास आधी फळ्यावर हवेचे गणित मांडावे. ४० मीटरवर तेच सिलिंडर किती मिनिटे पुरेल? घाबरल्यावर गरज दुप्पट होते असे धरले तर कितव्या मिनिटाला परत फिरावे, म्हणजे जोडीदारही वाचेल? ही उत्तरे मुलांनी स्वतः काढली की मग चित्रपट लावावा. ज्यूड्सच्या प्रसंगापाशी तो थांबवून एवढेच विचारावे, ‘तिची वाटणी कोणाकडे होती?’